फॅमिली डॉक्टर की थेट यूरोलॉजिस्ट?

ऐरोलीचा माझा मित्र, वय 44. ताठरता टिकत नाही, हे त्याने तीन महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा तलावपाळीच्या कट्ट्यावर त्याने मान खाली घालूनच विचारलं, "नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊ, की थेट यूरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञ गाठू?" लोकलच्या डब्यातल्या 'मर्दानी ताकदी'च्या जाहिराती आम्ही विचारातच घेतल्या नाहीत.

खर्चात फॅमिली डॉक्टर स्वस्त. संकोचाचं मात्र उलटं: जे घरातल्या सगळ्यांना ओळखतात त्यांच्यासमोर बोलणं अवघड, अनोळखी तज्ज्ञासमोर जीभ लवकर सुटते.

खरा प्रश्न तपासणीचा. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे रक्तपुरवठ्यातला बिघाड कधीकधी छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधीच तिथे जाणवतो. म्हणून साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सकाळी घेतलेल्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बघायला हवं. हे फॅमिली डॉक्टरही करतात, शिवाय चालू गोळ्या त्यांना ठाऊक असतात. हे फार मोलाचं आहे, कारण छातीदुखीसाठी नायट्रेट चालू असताना ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल गोळी घेतली तर रक्तदाब धोकादायक घसरतो. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नकोस, हे मी त्याला दोनदा बजावलं.

मधुमेह, रक्तदाब किंवा ताण असेल तर आधी फॅमिली डॉक्टर. शिश्नाला बाक, वृषणात गाठ किंवा गोळ्यांनी फरक नसेल तर यूरोलॉजिस्ट. स्राव किंवा फोड असतील तर सरकारी रुग्णालयातलं, लैंगिक संसर्गांसाठीचं सुरक्षा क्लिनिक. तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.