कोकणातल्या घराला दर्शनी दार: सागवान, फणस, डब्ल्यूपीसी की लोखंडी?

आधी एक सांगा, पावसाळ्यात घरात कोणी असतं का? चाकरमान्याचं घर मे महिन्यात बंद होतं ते गणपतीलाच उघडतं. मधल्या काळात दमट हवा आतच कोंडते आणि वाळवीला हटकणारं कोणी नसतं. राहत्या घराचं दार आणि या घराचं दार एकाच मापाने निवडू नये.

राहतं घर असेल आणि पुढे पडवी असेल, तर सागवानच. त्यातलं नैसर्गिक तेल वाळवीला दूर ठेवतं, पण ते आतल्या गडद लाकडात. कडेचा पांढरट भाग वाळवी खाते, आणि स्वस्त 'सागवानी' दारात नेमका तोच पॉलिशखाली दडवलेला असतो. म्हणून दार पॉलिशआधी बघा. दुसरं, लाकूड पावसात फुगतं. आषाढात दार अडकलं की लगेच रंधा मारून घेऊ नका, वैशाखात तिथेच फट पडते. बसवतानाच दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायला सांगा आणि दाराची खालची कडही तेल-पॉलिशने बंद करून घ्या. ती कोणाला दिसत नाही, म्हणून सुतार हमखास विसरतो.

फणसाचं लाकूड सागवानापेक्षा स्वस्त. पिवळं असतं, पुढे तपकिरी होतं. पडवीच्या आत छान, उघड्या झडीत नको. साधं फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लाय चिकटवलेलं सपाट दार, आतल्या खोल्यांना ठीक, बाहेर लावलं तर खालून पापुद्रे सुटतात.

बंद राहणाऱ्या घराला मी डब्ल्यूपीसी सुचवेन, दिसायला कितीही निर्जीव वाटलं तरी. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं हे मिश्रण पाणी जवळजवळ पीत नाही, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. मात्र स्क्रू लाकडाइतका घट्ट धरत नाही. तेव्हा पोकळ नको, भरीव घ्या आणि तीनऐवजी चार बिजागऱ्या लावा. पश्चिमेच्या उन्हात गडद रंग टाळा, तापून वाकतं.

लोखंडी दार चोराला भारी, खाऱ्या वाऱ्याला नाही. कुलपासाठी भोक पाडलं की तिथला लेप फुटतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. हर्णै-वेंगुर्ल्यात किनाऱ्यालगत नकोच. लांजा, कणकवलीकडे चालेल.

चौकट लाकडी असेल तर तिचे पाय जमिनीत पुरू नका, वाळवी मातीतूनच चढते. जांभ्याच्या भिंतीला टेकणाऱ्या बाजूला काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे.

बिजागऱ्या-कड्यांसाठी 304 पेक्षा 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे मिठाचा मारा जास्त सोसतं. गावात मिळालं नाही तर पितळी घ्या. फक्त स्क्रूही पितळीच मागा, लोखंडी दिले तर तेच आधी गंजून जातील.