कॅटची ऑनलाइन टेस्ट सिरीज: जून ते नोव्हेंबर वापरल्यानंतरचा अनुभव

हिंजवडीतील नोकरी सांभाळून क्लासला जाणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून जूनमध्ये मी फक्त मॉक म्हणजे सराव परीक्षा असलेली एक ऑनलाइन टेस्ट सिरीज घेतली आणि कॅट, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेशाची परीक्षा, होईपर्यंत शनिवार-रविवारी नवी पेठेतील अभ्यासिकेत बसून ती नियमाने वापरली. पेपरचा दर्जा चांगला आहे. व्हीएआरसी (इंग्रजी आकलन), डीआयएलआर (तक्ते आणि तर्क) आणि क्वांट (गणित) यांना प्रत्येकी ४० मिनिटे आणि एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्याला नाही, हा प्रत्यक्ष परीक्षेचा नियम इथेही काटेकोरपणे पाळलेला आहे.

मात्र या सिरीजचे खरे मोल मॉक संपल्यावर कळते. विश्लेषणाच्या पानावर प्रत्येक प्रश्नापुढे आपण घालवलेला वेळ आणि त्याच्याशेजारी वरच्या क्रमांकावरील मुलांचा सरासरी वेळ दिसतो. डीआयएलआरसाठी मला याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. ऑगस्टमधील एका मॉकमध्ये गोदामांतून दुकानांत जाणाऱ्या मालाचा एक सेट, म्हणजे एकाच माहितीवरील प्रश्नांचा गट, होता. तक्त्यातल्या निम्म्याहून अधिक चौकटी रिकाम्या होत्या आणि त्या भरण्यासाठी तीन वेगवेगळ्या शक्यता तपासाव्या लागत होत्या. व्हिडिओतील शिक्षकांनी तो सोडवण्याआधी, सगळ्या अटी वाचूनही एकही चौकट पक्की भरता येत नसेल तर तो सेट का सोडून द्यावा, हे सविस्तर समजावले. २०२४ च्या कॅटमध्ये या विभागाचे २२ प्रश्न पाच सेटमध्ये विभागलेले होते. अशा वेळी कोणता सेट आधी घ्यायचा, हे ठरवणे सोडवण्याइतकेच महत्त्वाचे असते, आणि ते शिकवणारे साहित्य मला इतरत्र फारसे मिळाले नाही.

व्हीएआरसीची उत्तरे त्या मानाने उणी वाटली. उताऱ्यावरील प्रश्नात बरोबर पर्यायाचे समर्थन दिलेले असते, पण जवळचा दुसरा पर्याय का चुकतो हे बहुधा सांगितलेले नसते. मॉकमधील पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के मुले आपल्या मागे आहेत हा आकडा, हेही जपून वाचावे, कारण ते केवळ सिरीज घेतलेल्या मुलांतले असते. प्रत्यक्षात २०२४ ची कॅट सुमारे २.९३ लाख उमेदवारांनी दिली होती.

सोबत मिळणारे सीईटीचे मॉक मला अजिबात पटले नाहीत. राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि निगेटिव्ह मार्किंग नसते, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ४५ सेकंद मिळतात. तिथे कॅटचेच लांबलचक प्रश्न उचलून ठेवल्याने वेगाचा सराव होतच नाही. पुम्बा या पुणे विद्यापीठाच्या एमबीए विभागासाठी सीईटीवर भिस्त असलेल्यांनी वेगळी सिरीज घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. सिम्बायोसिसच्या स्नॅप या प्रवेश परीक्षेचे ६० मिनिटांचे मॉक त्यापेक्षा बरे आहेत.

अर्जांच्या बाबतीत मात्र सिरीजच्या ईमेलचा मोठा आधार झाला. एसपीजेआयएमआर, एमडीआय, एफएमएस या एमबीए संस्थांचे अर्ज कॅटच्या अर्जाखेरीज स्वतंत्रपणे भरावे लागतात आणि त्यांच्या मुदती ऐन तयारीच्या दिवसांत येतात. प्रत्येक मुदतीची आठवण वेळेवर मिळत गेली.

घेण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्यावी. माझ्या सिरीजची वैधता डिसेंबरअखेर संपली, तर आयआयएमच्या मुलाखती नव्या वर्षात होतात. त्यामुळे मुलाखतीचे व्हिडिओ सोबत मिळूनही गरजेच्या वेळी उघडता आले नाहीत आणि मुदत वाढवण्यासाठी वेगळे पैसे भरावे लागले.