कयाकचं वल्हं: ॲल्युमिनियम की फायबरग्लास?

गंगापूर धरणाच्या पाण्यावर रविवारी सकाळी तासभर कयाक (हातातल्या वल्ह्याने चालवायची छोटी होडी) फिरवायची, एवढाच बेत असेल तर ॲल्युमिनियमचा दांडा आणि प्लॅस्टिकची पाती पुरतात. स्वस्त, दणकट, काठच्या खडकांवर आपटलं तरी चिंता नाही. पण डिसेंबरात नाशिकच्या थंडीत तो दांडा बोटं गारठवतो आणि मे महिन्यात उन्हात ठेवला की हाताला चटका देतो. दांड्याच्या जोडाच्या ठिकाणी वाळू गेली तर त्याचे दोन तुकडे अडकून बसतात. दर वेळी गोड्या पाण्याने धुवा.

फायबरग्लासचा खरा फायदा वजनात आहे. ॲल्युमिनियमचं वल्हं साधारण १ किलोच्या वर, हे ८००-९०० ग्रॅमच्या आसपास. फरक किरकोळ वाटतो ना? मिनिटाला ३० वेळा मारलं तर तासात १८०० वेळा ते उचलायचं असतं. आपल्या चांदवड तालुक्यातले दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले ते रोइंगमध्ये. तिथे वल्ह्याला नावेचा आधार असतो. कयाकमध्ये सगळा भार आपल्याच खांद्यांवर.

लांबी मात्र दोन्हींत नीट बघा. रुंद, बसक्या कयाकला २३० ते २४० सेंटिमीटर, अरुंद कयाकला २२०. आखूड वल्ह्याने बोटं कडेवर घासतात.

महिन्यातून एकदाच जाणार असाल तर ॲल्युमिनियम घ्या, वाचलेल्या पैशांत चांगलं लाइफ जॅकेट येईल. दर आठवड्याला जाणाऱ्यांना, खांदा दुखणाऱ्यांना मी फायबरग्लासच सांगेन.