गाळा घ्यावा की भाडं? चाळ रिकामी करण्याआधी

पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करायची वेळ आली की नवं घर मिळेपर्यंत दोन पर्याय पुढे येतात, ट्रान्झिटचा गाळा, म्हणजे राहायला दिलेली तात्पुरती खोली, किंवा बाहेर घर घेण्यासाठी सरकारकडून महिन्याचं भाडं. मग जिन्यात, नळावर, अगदी कुणाच्या मयताला जमलं तरी हीच चर्चा. मुंबईत वरळी, नायगाव आणि एन. एम. जोशी मार्ग मिळून बीडीडीच्या, म्हणजे जुन्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळींच्या, साडेपंधरा हजार घरांना हा प्रश्न पडला, काहींना अजून पडायचा आहे. अभ्युदयनगर, कामाठीपुरा, मोतीलालनगरवाल्यांनाही आज ना उद्या असंच काहीतरी ठरवावं लागेल. नवं घर किती फुटांचं, पार्किंग कुठे, हे तुम्हाला पाठ असेल. मी मधल्या काळाबद्दल लिहितोय.

हा मधला काळ किती, ते आधी पाहू. वरळीच्या जांबोरी मैदानात पहिलं भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झालं. प्रत्यक्ष कामासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा नारळ फुटला. पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातात चाव्या पडल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. पुढच्या टप्प्यांना कमी वेळ लागेल असं म्हणतात, लागूही दे. तरी तुम्हाला जी मुदत सांगितली असेल तिच्यात दोन वर्षं मिळवूनच हिशेब करा. काळ छोटा असेल तर दोन्ही पर्याय सारखेच. तो लांबला की फरक पडायला लागतो.

आता पैसे. बीडीडीत भाडं घेणाऱ्याला महिन्याला २५ हजार. ऐकायला आकडा बरा वाटतो, आणि ज्याला लांब जायचं आहे त्याच्यासाठी तो खरंच बरा आहे. बदलापूर, आसनगाव, नाहीतर विरारच्या पुढे घर घेतलं तर त्यातले निम्मेअर्धे पैसे हातात राहतात. आमच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने त्या शिलकीतून गावचं घर कौलारूचं स्लॅबचं केलं. हे मी नाकारत नाही. आई-वडील गावी, मुलं कमावती, नोकरी घरून, अशी परिस्थिती असेल तर भाडं घ्या.

पण ज्याला वरळी, परळ, नायगाव सोडायचं नाही, त्याने कागद-पेन्सिल घ्यावी. घर २५ हजारांतच मिळालं असं धरू. पहिली दलाली एका भाड्याची, म्हणजे २५ हजार. अकरा महिन्यांनी करार संपला, मालकाने दहा टक्के वाढवले, भाडं २७,५०० झालं. त्यानंतर ३०,२५०. सरकारी भाडं मात्र २५ हजारच धरा. तीन करारांत वरचा फरक आणि तीन दलाल्या मिळून १ लाख ६८ हजार रुपये खिशातून जातात. डिपॉझिट वेगळं, टेम्पो वेगळा. तुमचा मालक पाचच टक्के वाढवेल, किंवा दुसऱ्यांदा दलाली लागणारही नाही. मग आकडा खाली येईल, पण शून्यावर येणार नाही.

तरीही गाळा घ्यायचा माझा निर्णय पैशांवर झाला नाही. झाला तो त्या अकरा महिन्यांवर.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहिलो. चाळीतल्या १६० चौरस फुटांत आई-वडील, धाकटा भाऊ आणि आम्ही दोघं, हे जमणारं नव्हतं. डोंबिवलीतली घरं चांगली होती. मालकही माणसंच होती, राक्षस नव्हते. पण नववा महिना लागला की घरातली हवा बदलायची. मालकाचा फोन वाजला की बायको हातातलं लाटणं तसंच धरून माझ्या तोंडाकडे बघायची. कधी त्यांच्या मुलाचं लग्न ठरलेलं असायचं, कधी घर विकायला काढलेलं असायचं, आणि बऱ्याचदा नुसतंच "यंदा जरा वाढवू या" असायचं. भिंतीला खिळा मारायचा नाही. कॅलेंडर लावायचं तरी खिडकीच्या गजाला दोरीने बांधून. नवीन कपाट घ्यायचं नाही, कारण पुढच्या घराच्या जिन्यातून ते चढेल का ते माहीत नाही. मुलीच्या शाळेत एक पत्ता, बँकेत दुसरा, गॅसच्या पुस्तकावर तिसरा. एजंट त्याच जुन्या मजकुरावर नवी तारीख घालून पुन्हा दलाली मागायचा. पुन्हा अंगठे, पुन्हा पोलीस पडताळणीचा फॉर्म. एका मालकीणबाईंनी तर करार वाढवण्याआधी सुक्या बोंबलाचा विषय काढला. सोसायटीत वास येतो म्हणाल्या. आम्ही मालवणकडचे. पावसाळ्यात आम्ही काय खायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

यातलं एकही दुःख मोठं नाही. सांगायला बसलं तर लोक हसतात. पण दर अकरा महिन्यांनी आपण पुन्हा नव्याने पाहुणे होतो, हे ज्याने सोसलंय त्याला कळेल. आता घरात म्हातारी आई आहे, नातू शाळेत जायला लागलाय. तेच पुन्हा नको, एवढं मी पर्याय निवडायचा फॉर्म भरण्याआधीच ठरवलं होतं.

बीडीडीच्या भाड्यात आणखी एक बारकी गंमत आहे. भाड्याचं चक्र चाळ सोडल्या तारखेपासून फिरतं आणि तुमचा करार घर सापडल्या तारखेपासून. दोन्ही तारखा सहसा जुळत नाहीत. घर आधी घेतलं तर मधले आठवडे स्वतःच्या पैशाने भरायचे. ज्याच्या गाठीला थोडं आहे त्याला काही वाटणार नाही, ज्याच्या नाही तो उसनवारीला लागतो.

आता गाळ्याबद्दल. ट्रान्झिट म्हटलं की जुन्या मुंबईकराच्या पोटात गोळा येतो, आणि त्याचं चूक नाही. प्रतीक्षानगर, कन्नमवारनगर, मागाठाणे, मालवणी इथल्या शिबिरांत पडक्या इमारतींमधून आलेली कुटुंबं वर्षानुवर्षं राहिली. कुणाची मुलं तिथेच जन्मली आणि तिथेच त्यांची लग्नं झाली. मूळ जागी इमारत उभी राहिलीच नाही, किंवा राहिली तर त्यात यांना जागा नव्हती. माझा धाकटा भाऊ याच भीतीने भाड्याकडे गेला. "पैसे तरी हातात येतात," हा त्याचा मुद्दा.

मला वाटतं, इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, गाळा घेतला काय किंवा भाडं घेतलं काय, नवीन घराचा हक्क त्यावर ठरत नाही. तो पात्रतेवर आणि नोंदणी झालेल्या करारनाम्यावर ठरतो. म्हणून करारनामा हातात येईपर्यंत आणि नव्या इमारतीतला तुमचा सदनिका क्रमांक कागदावर दिसेपर्यंत कुठल्याच पर्यायाला हो म्हणू नका. दुसरी, इमारत रखडलीच तर दोन्हीकडचे अडकणार. फरक इतकाच की गाळेवाल्याच्या डोक्यावर छप्पर असेल, भाडेवाल्याच्या डोक्यावर करार.

गाळ्यात खोट नाही असं मी म्हणणार नाही. तो तुमचा नाही, हे भिंतीला हात लावला तरी कळतं. वर्ष-दीड वर्षाने सगळे जण "आता किती दिवस" याच्यावर येतात आणि रोजचं तेच ऐकून माणूस कंटाळतो. जागा अपुरी असेल. मुलाचं लग्न मधल्या काळात काढायचं असेल तर गाळ्यात पंचाईत होते, तिथे भाड्याचं घर बरं. आणि गाळा कुठे मिळतोय यावर सगळं अवलंबून आहे. जवळपास असेल तर माझं म्हणणं लागू. दूर टाकणार असतील तर पुन्हा विचार करा, कारण मग वरळी सुटलीच आणि वर पैसेही नाहीत.

आमचा गाळा जवळ होता. आईचं केईएममधलं औषध सुटलं नाही. नातवाची शाळा तीच राहिली. चाळीत मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळ, टोकाला सामाईक संडास. गाळ्यात संडास आतच. आयुष्यभर डबा घेऊन रांगेत उभी राहिलेली माझी आई पहिल्या रात्री तीनदा उठून दिवा लावून बघून आली. शेजारी बरेचसे जुनेच, त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजलंय यावर कुणी बोलत नाही, उलट वाटी पुढे येते. सार्वजनिक गणपती पत्र्याच्या मंडपात बसला, पण आमचाच बसला. भाड्याने गेलेले त्या पाच दिवसांत कल्याण-डोंबिवलीहून लोकलने यायचे आणि शेवटच्या गाडीसाठी आरती अर्धी टाकून निघायचे.

कामाची प्रगती मला रस्त्यावरून दिसायची, हेही खरं. कितव्या मजल्याचा स्लॅब पडला ते दूध आणायला जाताना कळायचं. दूर असलेल्यांना ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या इमारतीचं काम दोनदा बंद पडलं आणि एकदा पूर्णही झालं.

फॉर्मवर खूण करण्याआधी गाळा बघायला मागा. सकाळी पाण्याच्या वेळी जा, नळ सोडून बघा, लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या, पावसाळा असेल तर छताचे कोपरे बघा. भाड्याकडे कल असेल तर घर आधी शोधा आणि मगच खूण करा. मालकाला सरळ विचारा, तीन वर्षांचा करार करता का. दहातला एखादा हो म्हणेल. तो सापडला तर माझं वरचं बरंचसं म्हणणं विसरा.

आमच्या शेजारच्या खोलीतल्यांनी भाडं घेतलं, ते बदलापूरला आहेत आणि मजेत आहेत. त्यांना विचारलंत तर ते मी सांगितलं त्याच्या बरोबर उलट सांगतील. फक्त त्यांचा घरमालक त्यांचा सख्खा मेहुणा आहे, तेवढं विचारून घ्या.