५० पिंटी डीह्युमिडिफायर, ह्यूस्टनबाहेरच्या शेतघरात: वर्षभराच्या वापरानंतर

आधी निकाल देतो. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा बादलीने घालवला आणि एक कंपनीच्या ग्राहकसेवेने. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या वर्गातली निम्मी यंत्रं आतून सारखीच असतात, फक्त पुढचं झाकण वेगळं.

डीह्युमिडिफायर म्हणजे हवेतलं पाणी ओढून बादलीत जमवणारं यंत्र. पिंट म्हणजे साधारण अर्धा लिटर, आणि यंत्रावरचा आकडा म्हणजे ते दिवसाला किती पिंट पाणी काढतं. नळी, फिल्टर वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. एकच गोष्ट सांगतो. अमेरिकेत २०१९ मध्ये क्षमता मोजायचं तापमान ८० अंश फॅरनहाइटवरून ६५ वर आणलं. त्यामुळे पूर्वी ज्या यंत्रावर ७० पिंट लिहायचे त्याच ताकदीच्या यंत्रावर आता ५० लिहितात. तेव्हा कोणी जुना ‘सत्तरचा’ विकायला काढला तर जास्तीचे पैसे मोजू नका.

आम्ही डेन्व्हरहून नोकरीसाठी इकडे आलो. तिथे थंडीत नाकातून रक्त यायचं म्हणून हवा ओलसर करणारं यंत्र लावायचो. ऑफिस एनर्जी कॉरिडॉरमध्ये, म्हणजे ह्यूस्टनच्या पश्चिमेच्या तेल कंपन्यांच्या पट्ट्यात, त्यामुळे जो तो सांगायचा: उपनगरात राहा, केटीला राहा, शुगरलँडला राहा, शेजारी चार मराठी घरं असतील. केटीच्या अलीकडे एक घर आवडलंही होतं, पण ते बार्कर जलाशयाच्या पोटात निघालं. ॲडिक्स आणि बार्कर ही पूर अडवायची धरणं १९४० च्या दशकातली, एरवी कोरडीच असतात. वसाहती नंतर आल्या, थेट जलाशयाच्या हद्दीत. २०१७ च्या हार्वी वादळात धरणामागे पाणी तुंबलं आणि त्यांच्या दिवाणखान्यांत शिरलं. शिवाय वसाहत म्हटली की घरमालकांच्या संघटनेची वर्गणी आली, आणि मागच्या अंगणात दोरीवर चादर वाळत टाकली तर नोटीस. मग आणखी पश्चिमेला सरकलो आणि ब्रुकशायरच्या उत्तरेला, वॉलर काउंटीत, खांबांवर उभं असलेलं जुनं लाकडी घर भाड्याने घेतलं. भाडं केटीपेक्षा बरंच कमी. आजूबाजूला मालकाच्या गायी. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, पण घरपट्टी कंबर मोडते. जमिनीवर गुरं चरत असली की ती शेतजमीन धरली जाते आणि कर उतरतो, म्हणून गायींना इथे भलताच मान आहे.

दमट हवा आम्हाला कोणी शिकवू नये, असा माझा तोरा होता. ठाण्यात वाढलो, आजोळ चिपळूण. पण चिपळूणच्या घरात वारा इकडून शिरतो आणि तिकडून जातो. इथे घर बंद, एसी चालू, आणि तरी महिन्याभरात डब्यातले पापड सादळले, पोहे चामट झाले, कपाटातल्या कोल्हापुरीवर हिरवी बुरशी आली आणि मुलाच्या तबल्याची पुडी इतकी उतरली की ठोकून ठोकून हातोडी झिजायची वेळ आली.

मालकाला सांगितलं तर तो अभिमानाने म्हणाला, एसी पाच टनी आहे. तिथेच गोम होती. सोळाशे चौरस फुटांच्या घराला पाच टन म्हणजे हवा झटक्यात थंड होते आणि एसी बंद पडतो. हवेतलं पाणी काढायला थंड कॉइलवर काही मिनिटं सलग हवा फिरावी लागते. इथे कॉइल ओली होईतो खेळ खलास. त्यात थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑन’ ठेवला असेल तर कॉइलवरचं पाणी पुन्हा घरातच उडतं. तो आधी ‘ऑटो’वर करा, फुकटचा उपाय आहे. पण भाड्याच्या घरातला एसी काही मी बदलणार नाही. म्हणून हे यंत्र आणलं.

पहिल्या दिवसापासून पाणी असं निघालं की विश्वास बसेना. सकाळी बादली भरलेली, ऑफिसातून यावं तर पुन्हा भरून यंत्र थांबलेलं.

आणि आता बादली. ती बाहेर काढली की उभी राहत नाही. तळ एका बाजूने गोल आहे, कारण आत कॉम्प्रेसरला जागा हवी. म्हणजे सहा लिटर पाणी दोन्ही हातांत धरून मोरीपर्यंत जायचं, वाटेत दार बंद असेल तर ते कोपराने उघडायचं, आणि फोन वाजला तर वाजू द्यायचा. झाकण नाही. मूठ पातळ प्लॅस्टिकची, वजनाने वाकते. ज्याने हे डिझाइन केलं त्याने एकदाही ती भरलेली बादली उचलली नसणार. म्हणाल, नळी लाव ना! लावली. घर जमिनीपासून दोन फूट वर आहे, धुण्याच्या यंत्राच्या जुन्या भोकातून नळी उतारावर बाहेर काढली, पंपवाल्या महागड्या मॉडेलची गरज पडली नाही. तरी बादली सुटत नाही. ती जागेवर नेमकी बसलेली नसेल तर रिकामी असूनसुद्धा यंत्र ‘भरली’ म्हणून ओरडतं आणि बंद पडतं. नातवाच्या मागे पळता पळता आईचा पदर लागला तरी बंद.

आईचा मात्र या पाण्यावर जीव जडला. चिपळूणहून आली, तेव्हा नळी बाहेर जाते हे पाहून म्हणाली, “अरे, एवढं पाणी गवतात का सोडतोस?” तिने नळी काढायला लावली आणि त्या पाण्याने घर पुसायला सुरुवात केली. बोअरच्या पाण्याने लादीवर पांढरे डाग राहतात, याने राहत नाहीत. पिऊ नका एवढंच, कॉइलवर काय काय जमतं ते मी पाहिलंय.

उन्हाळा संपेपर्यंत मी चार तारे देणार होतो, आणि खरा उपयोग जुलै-ऑगस्टमध्येच असं लिहिणार होतो. ते चूक ठरलं असतं. भर उन्हाळ्यात एसी जमेल तेवढं पाणी काढतोच, आणि हे यंत्र उलट खोलीत गरम हवा सोडतं. कसोटी लागते ती नोव्हेंबर ते मार्च. बाहेर सत्तर अंश फॅरनहाइटच्या आसपास, मेक्सिकोच्या आखाताकडून ओली हवा, सकाळी धुकं. एसीला काम नाही, हीटरला काम नाही, आणि घरातलं आर्द्रतेचं मीटर ७८ टक्के दाखवतंय. तेव्हा हे यंत्र लागतं, आणि तेव्हा ते ५० टक्क्यांवर आणून ठेवतं. आता पापड कुरकुरीत.

दुसरी गोष्ट हिवाळ्यातच कळली. घराखाली वाकून पाहिलं तर उघडी काळी माती, इथली गंबो, पाऊस पिऊन फुगलेली. तिची ओल फळ्यांच्या फटींतून वर येत होती. केटी प्रेअरीचा हा भाग एकेकाळी भातशेतीचा, पाणी धरून ठेवणं हाच या मातीचा धर्म. मालकाला विचारून जाड प्लॅस्टिकची शीट जमिनीवर अंथरली, कडा विटांनी दाबल्या. त्यानंतर यंत्र निम्माच वेळ चालतं. तीनशे डॉलरच्या यंत्राआधी हे करायला हवं, असं कोणतंही माहितीपत्रक सांगत नाही.

बिलाचं बोलतो. केटीतले मित्र दरवर्षी वीज कंपनी बदलतात. टेक्सासात २००२ पासून बाजार खुला आहे, पण आमचा रस्ता वीज सहकारी संस्थेच्या हद्दीत, तिथे निवड नाही. नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज संस्था आठवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. दर मात्र वाईट नाही. यंत्र साडेपाचशे वॅटच्या आसपास खातं. प्लास्टिक अंथरण्याआधी महिन्याला पंचवीस डॉलर, आता बारा-तेरा. ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं, एका मोठ्या कंपनीच्याच २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि आमचीही. जनरेटर फ्रिजला लावला, यंत्र गप्प, भिंती घामेजल्या.

आणि ऑक्टोबरात ते बंद पडलं. पंखा चालू, पाणी शून्य. गॅस गळाला असावा. ग्राहकसेवा म्हणाली, दुरुस्ती नाही. वायर कापा, कापलेल्या वायरीचा आणि सिरियल नंबरचा फोटो पाठवा, मग दुसरं पाठवू. पंखा ठणठणीत चालणाऱ्या यंत्राची वायर कापा! मी तंत्रज्ञ मागितला, वरिष्ठ मागितला, पावती तीनदा पाठवली. शेवटी बायकोने कात्री हातात दिली. बदली आलेलं यंत्र दुरुस्त करून पाठवलेलं, आणि वॉरंटी जुन्याचीच उरलेली. म्हणून तो एक तारा गेला. जुनं त्यांना परत नकोच होतं. आत रेफ्रिजरंट असतं, ते कचऱ्यात टाकता येत नाही, म्हणून भंगारवाल्याकडे स्वतः नेऊन द्यावं लागलं. बादली मी ठेवून घेतली. तीही उभी राहत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे बदली होऊन शेताजवळ राहायचा विचार असेल तर जरूर राहा, फक्त करार करण्याआधी घराखाली टॉर्च मारा आणि एसी किती टनी ते विचारा, जास्त टन ऐकून खूश होऊ नका. नळीसाठी साधी पाऊण इंची बागेची नळी बसते, कंपनीची महागडी घेऊ नका. आमचा करार आता नव्याने व्हायचाय आणि मालकाने भाडं पन्नास डॉलरने वाढवलंय. प्लॅस्टिकचे पैसे त्यातून वळते करून मागितलेत. तो म्हणतोय गायी विकल्यावर बघू.