मराठी वेबपान: एडिटरमध्ये बनवावं की हाताने लिहावं?

आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी आधी एडिटरमध्ये, म्हणजे दिसेल तसं पान मांडता येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बनवली आणि पुढे सगळी पानं हाताने एचटीएमएल (पानाची मांडणी टॅग नावाच्या खुणांनी सांगणारी वेबची भाषा) लिहून नव्याने केली. कुणी विचारलं तर मी हाताने लिहायलाच सुचवेन. पण एडिटरची बाजू लंगडी नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली लिहिलेला पहिला ब्राउझर स्वतः एडिटरही होता, त्यामुळे टॅग न शिकता पान लिहिता यावं ही अपेक्षा वेबइतकीच जुनी आहे. तक्ते असतील तर एडिटरला तोड नाही. नव्या पुस्तकांची यादी त्यात चहा निवेपर्यंत झाली होती, तीच हाताने लिहिताना संध्याकाळ गेली.

माझं मत फिरलं ते एका वेलांटीमुळे. बऱ्याच पानांवर 'आणि' दीर्घ पडलंय, असं वाचनालयातल्या एका निवृत्त शिक्षकांनी दाखवून दिलं. सगळ्या फायलींत एकदम बदलू म्हणून 'आणी' शोधलं, तर एकही सापडेना. सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ मजकूर उघडला, तर त्यात देवनागरीचं एक अक्षर नव्हतं. 'म'च्या जागी २३५०, 'र'च्या जागी २३५२, असे नुसते आकडे. पानाचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवण्याची पद्धत, इंग्रजीपुरतं ठरलेलं होतं. त्यात देवनागरी बसत नाही, म्हणून एडिटरने प्रत्येक अक्षराचा युनिकोड या जागतिक अक्षरयादीतला क्रमांक लिहून ठेवला होता. ब्राउझर ते आकडे वाचून नीट मराठी दाखवतो, म्हणून इतके महिने पत्ता लागला नव्हता. सगळ्या लिप्या चालणाऱ्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये 'मराठी' हा शब्द १५ बाइट्सचा, असा आकड्यांत, प्रत्येक आकड्याभोवतीच्या तीन चिन्हांसह लिहिला की ३५ चा. फायली फुगल्या त्याचं एवढं नाही, पण आपण लिहिलेलं वाक्य आपल्यालाच वाचता येऊ नये, हे मला फार लागलं.

सेटिंग बदलल्यावर नवी पानं सुधारली, जुनी तशीच राहिली. आताचे बहुतेक एडिटर यूटीएफ-८ मध्येच जतन करतात, तेव्हा तुमचा अनुभव कदाचित बरा असेल. तरी एक पान करून त्याचा सोर्स आधी बघाच.

हाताने लिहितानाही जपावं लागतं. ठळक अक्षरांचा टॅग बंद करायचा राहिला की खालचं सगळं पान ठळक होतं. जुन्या नोटपॅडमध्ये फाइल 'एएनएसआय' या मराठी न बसणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये जतन झाली, तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि मजकूर परत मिळत नाही. २०१९ पासून विंडोज १० चं नोटपॅड नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ मध्ये ठेवतं, पण संगणक जुना असेल तर जतन करताना ते स्वतः निवडा. सोर्सच्या सुरुवातीला चार्सेट (म्हणजे पानाचं एन्कोडिंग) यूटीएफ-८ असल्याची ओळही हवीच.

दोन-चार पानं एकदाच करून ठेवायची असतील, तर एडिटर पुरेल. आमच्याकडे मजकूर दर महिन्याला बदलतो आणि बदलणारी माणसंही बदलतात. सध्या हे काम बघणाऱ्या मुलीला टॅग फारसे येत नाहीत. पण सोर्समध्ये सरळ मराठी दिसतं, म्हणून वर्गणीची तारीख तिची ती बदलते.