पदराची उलटी बाजू आणि माझे 35,449 रुपये

मोबाइलवरून पैठणी घ्यायला गेले आणि फसले, एकूण 35,449 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कोणी "किती गेले हो ताई?" असं विचारायला नको. सासूबाईंना अजून 24,000 चाच पत्ता आहे.

भाचीचं लग्न सेलूला, डिसेंबरच्या मध्यात. गोरज मुहूर्त, आणि जागा म्हणजे उघडं लॉन. पौष लागायच्या आत सगळ्यांनाच उरकायचं होतं. परभणीकडची थंडी ज्यांनी काढली त्यांना काय सांगावं? पारा एक आकड्यावर आला की जॉर्जेटच्या साडीत हळदीच्या रात्रीच दात वाजायला लागतात. मागच्या वर्षी चुलत दिराच्या लग्नात मी भारी साडीवर ह्यांचा करडा स्वेटर चढवून उभी होते. तो फोटो जाऊबाईंनी अजून जपून ठेवलाय. म्हणून यंदा ठरवलं होतं, खऱ्या रेशमाची पैठणी, लांब बाह्यांचं मखमली ब्लाउज आणि वरून हिमरू, म्हणजे सुती-रेशमी विणीची नक्षीदार शाल. रेशीम ऊबदार असतं, हौसही होते, स्वेटरचं तोंड बघायला नको. यात माझं काय चुकलं?

मोबाइलवर एका "थेट मागावरून" विकणाऱ्याचे व्हिडिओ यायचे. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. नंबर, व्हॉट्सअ‍ॅप, "ताईसाहेब, व्हिडिओ कॉलवर दाखवतो". रात्री दहा वाजता त्याने दाखवली, जांभळी, नारळी काठ, पदरावर मोर. 21,500. शाल 3,800. लग्नसराईची सूट 1,300. झाले 24,000. एवढ्यात हातमागाची पैठणी येते, हे काही अगदीच अशक्य नाही. तीन हजारांत म्हणाला असता तर मी फोनच ठेवला असता. चोर हुशार होता, भाव बरोबर लावला.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री उठून बसते.

मी म्हटलं, "पदर उलटा करून दाखवा." त्याने केला. मागे मोरांच्या कडेला धागेच धागे, कापलेले, मोकळे. मी विचारलं, "हे असं कसं?" तो हसला, "ताईसाहेब, हाताचं काम आहे ना, मागे धागे राहणारच. मशीनची असती तर साफ असती." आणि मी मान हलवली!

माझी आई बाजारात पैठणी हातात घेतली की आधी पदराची उलटी बाजू बघायची. हातमागावर पदराची नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून मोर पुढून जसा तसाच मागून दिसतो. मागे सुटे धागे दिसले की समजायचं, यंत्रमाग. हे मला लहानपणापासून पाठ. मग काय झालं? त्याने लगेच हिमरूची शाल पुढे केली. "हे बघा, हिच्याही मागे धागे." आणि हिमरूच्या मागे जादा बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे मोकळे असतात हे खरंच आहे, त्यानेच तर ती मऊ लागते. एक खरं दाखवून दुसरं खोटं गळी उतरवलं. मला काहीच माहीत नसतं तर मी कोणाला तरी विचारलं असतं. अर्धं माहीत होतं, तिथेच घात झाला.

पैसे पाठवताना पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव आलं. "जावयाचं खातं आहे" म्हणे. घरात पाहुणे, आचाऱ्याचे फोन, मला वेळ होता का? दुसऱ्या दिवशी "पार्सलचा विमा, परत मिळेल" म्हणून आणखी 1,450.

पार्सल आलं. साडी पॉलिस्टरची. काठाचा एक धागा ओढून जाळला तर वितळून टणक गोळी झाली. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. शाल छापील अ‍ॅक्रिलिक. "सिल्क मार्कचं लेबल डब्यात येईल" म्हणाला होता, म्हणजे खऱ्या रेशमाची खूण, डब्यात फुगवलेला कागद होता.

मी फोनवर ओरडले तर तो माफी मागायला लागला. "आत्ता परत करतो, कोड स्कॅन करा." केला. पिन टाकला. 9,999 आणखी गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, लागत नाही, लागत नाही! मला माहीत होतं. अंगात ताप होता, एवढंच सांगते.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. त्यानंतरचं ऐका. ठाण्यात पहिला प्रश्न, "मॅडम, एवढी महाग साडी घ्यायचीच कशाला?" मी शाळेत शिकवते, माझ्या पगाराची साडी! मग म्हणे पैसे परराज्यात गेले, आमची हद्द नाही. मुलाने दाखवून दिलं की नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. त्यावर "साहेब बंदोबस्तावर आहेत". तीन चकरा मारल्या. साहेब तिन्ही वेळा बंदोबस्तावर. बँकेत तर "पिन तुम्हीच टाकला ना?" यापुढे वाक्यच नाही. अर्ज घेतला, पोच द्यायला शाई संपली होती. खरंच संपली होती, शिक्का कोरडाच उमटला.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, माझ्याकडे नाही. तक्रार त्याच तासात करा, मी लाजेने दोन दिवस घालवले. पैठण आहे कुठे, एसटीने अर्ध्या दिवसाची वाट! माग डोळ्यांनी बघा, पदर बोटांनी उलटा करा. हातमागाची खूण म्हणजे हँडलूम मार्क आणि सिल्क मार्क हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

लग्नात आईची जुनी इरकल नेसले. वरून तोच करडा स्वेटर. जाऊबाईंनी फोटो काढलाच.

आणि हा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या मागे लाल पडदा असतो आणि मागाची खटखट सतत ऐकू येते. रात्री दहा वाजता कोण विणतं हो? दर काही क्षणांनी त्या खटखटीत एक कुत्रं भुंकतं, तेच, त्याच सुरात.